कर्ज कालव्याचं, शिक्षा शाळेला

कॅलिफोर्नियात नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका म्हणजे एक लांबलचक पत्रावळ असते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, न्यायाधीश अशी नावं ओलांडत शेवटाकडे आलं की एखादं अक्षर नावासारखं मिरवणारं ‘मेझर’ भेटतं. गावातल्या हायस्कूलचं गळकं छप्पर, जुनं वायरिंग, मोडकळीला आलेल्या प्रयोगशाळा आणि भूकंपात टिकतील की नाही याची शंका असलेल्या भिंती, या सगळ्यासाठी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टने, इतक्या कोटी डॉलरचे रोखे काढावेत का? हा प्रश्न 75 शब्दांत बसवावा असा कायदाच आहे. त्याखाली दोन पर्याय असतात : ‘रोखे – होय’ आणि ‘रोखे – नाही’. ‘होय’ म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, की पुढची पंचवीस-तीस वर्षं आपल्या घरपट्टीत भर पडणार आहे.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचे पत्रे उडाले तर पंचायत समितीत खेटे घालायचे, नाहीतर गावाने लोकवर्गणी काढायची. लोकवर्गणीत देणारा देतो आणि न देणारा पारावर बसून हिशेबाला नावं ठेवतो. अमेरिकेतली ही वर्गणी मतांनी ठरते, आणि एकदा ठरली की विरोधात मत दिलेल्यालाही ती भरावी लागते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही लोकशाहीची परमावधी वाटते. शाळेसाठी आख्खं गाव मतदान करतं म्हणजे केवढी आस्था! पण या रिवाजाचं कूळ शोधत मागे गेलं की आस्था कुठे सापडत नाही, सापडतो तो अविश्वास. आणि तो शाळेवरचाही नाही. तो आहे कालवे खणायला निघालेल्या सरकारांवरचा.

शाळेची वंशावळ जुनी आहे. 1647मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदा केला, की पन्नास कुटुंबांच्या गावाने एक मास्तर नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी. मास्तरचा पगार, जळाऊ लाकूड वगैरे गोष्टी गावसभेत ठरत. इमारत म्हणजे लाकडाची एक खोली. ती बांधायला कर्ज काढावं असं कुणाच्या मनात आलं नसतं. बोस्टनमध्ये 1821 साली देशातलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल सुरू झालं, तेव्हाही हायस्कूल ही चैनीचीच बाब होती. कर्जाचे नियम घडले त्या काळात शाळा त्या चित्रात नव्हतीच.

चित्रात होता ईरी कालवा. 1817 ते 1825 या आठ वर्षांत न्यूयॉर्क राज्याने हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत 363 मैलांचा कालवा खणला. खर्च आला सुमारे 70 लाख डॉलर, आणि तो रोखे विकून उभा केला. मालवाहतुकीचा खर्च धाडकन उतरला, टोल भरभरून येऊ लागला, कर्ज फिटलं आणि न्यूयॉर्क शहर देशाचं मुख्य बंदर होऊन बसलं. शेजारच्या राज्यांच्या पोटात दुखू लागलं. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, ज्याला त्याला आपला कालवा हवा झाला. इंडियानाने 1836मध्ये एकाच कायद्याने एक कोटी डॉलरची कामं मंजूर केली. लोकांना सांगितलं गेलं की कर लागणारच नाही, टोलमधून सगळं फिटेल. इंग्लंडमधले गुंतवणूकदार रोखे घ्यायला तयारच होते.

1837ची मंदी आली आणि भपका उतरला. कालवे अर्धवट, टोल शून्य, व्याज मात्र रोज चढतं. 1841-42मध्ये आठ राज्यांनी आणि तेव्हा राज्यही नसलेल्या फ्लोरिडाने व्याज थकवलं. मिसिसिपीने तर कर्ज मानायलाच नकार दिला. लंडनमध्ये बोंब उठली. पेनसिल्व्हेनियाचे रोखे बाळगणारा विनोदी लेखक-पाद्री सिडनी स्मिथ याने 1843मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसला जळजळीत अर्ज लिहिला, आणि कवी वर्ड्‌स्वर्थने पेनसिल्व्हेनियाच्या लोकांना उद्देशून एक सुनीत रचलं. डॅफोडिल्सच्या कवीला रोख्यांवर सुनीत लिहायला लावणारी ही एकच थकबाकी असावी.

इथून पुढे राज्यघटना बदलू लागल्या. ऱ्होड आयलंडने 1842मध्ये लिहून ठेवलं, की 50 हजार डॉलरच्या वर कर्ज काढायचं तर लोकांची स्पष्ट संमती हवी. न्यूयॉर्कच्या 1846च्या घटनेतलं कलम जास्त खोलात जाणारं आहे. कर्ज एकाच कामासाठी असावं आणि ते काम कायद्यात नाव घेऊन सांगितलेलं असावं. मुद्दल आणि व्याज अठरा वर्षांत फिटेल एवढा कर त्याच कायद्याने बसवावा. आणि सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी होकार दिल्याशिवाय तो कायदा अमलात येऊ नये. काम, कर आणि कौल एकाच गाठीत बांधले गेले. आजच्या शाळेच्या मेझरचा सांगाडा हाच आहे. फक्त तेव्हा तो आमदारांना वेसण घालण्यासाठी होता. तुम्हाला निवडून दिलंय, पण आमच्या नातवंडांच्या नावाने उधारी करायचा अधिकार दिलेला नाही, असं मतदार सांगत होते.

राज्यांचे हात बांधले गेले म्हणून उधारीची हौस संपली नाही. ती एक पायरी खाली उतरली. यादवी युद्धाच्या आगेमागे रेल्वे कंपन्यांचे दलाल गावोगाव फिरू लागले. ‘तुमच्या काउंटीने रोखे द्यावेत, आम्ही रूळ तुमच्या दारातून नेतो.’ गावांनी रोखे दिले. पुष्कळ ठिकाणी रूळ आलेच नाहीत. रोखे मात्र न्यूयॉर्कच्या बाजारात विकले गेलेले, आणि ज्याने ते चार पैसे देऊन घेतले त्याचे पैसे बुडू द्यायचे नाहीत, असा फेडरल न्यायालयांचा पवित्रा. मिझुरीत सेंट क्लेअर काउंटीत तर वर्षानुवर्षं एक अजब खेळ चालला. काउंटीचा कारभार पाहणाऱ्यांना तिथे जज म्हणत. न आलेल्या रेल्वेचं कर्ज फेडायला कर लावा, असा फेडरल न्यायालयाचा हुकूम. कर लावायचा नाही या अटीवरच लोकांनी त्यांना निवडून दिलेलं. मग हे जज कधी रानात लपत, कधी तुरुंगात जाऊन बसत. त्याच राज्यातल्या कॅस काउंटीत 1872मध्ये रोख्यांच्या घोटाळ्यावरून चिडलेल्या जमावाने आगगाडी अडवून माणसं मारली.

1873मध्ये पुन्हा मंदी आली आणि शहरं, काउंट्या पटापट नादार झाल्या. आता दुधाने दोनदा तोंड पोळलेलं होतं. नव्या राज्यघटना लिहिणारे ताकच काय, पाणीही फुंकून प्यायच्या मनःस्थितीत होते. इलिनॉयने 1870मध्येच स्थानिक संस्थांच्या कर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती. मिझुरीने 1875मध्ये दोन-तृतीयांश मतांची अट घातली. कॅलिफोर्नियाने 1879च्या घटनेत तीच अट घेतली : काउंटी, शहर, गाव, शिक्षण मंडळ किंवा स्कूल डिस्ट्रिक्ट यांपैकी कुणीही वर्षाच्या उत्पन्नापलीकडे कर्ज काढायचं तर दोन-तृतीयांश मतदारांचा होकार हवा.

त्या यादीत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हे दोन शब्द काउंटी आणि शहराच्या पंगतीला बसले. खरं तर रेल्वेला रोखे वाटण्यात शाळेचा हात नव्हता. मसुदा करणाऱ्याने स्थानिक संस्था मोजायला घेतल्या आणि त्यात शाळाही मोजली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. चोराला मोकळं सोडलं नाही, एवढंच काय ते समाधान.

दैवगती अशी की नेमक्या याच दशकात हायस्कूलला स्वतःचे पाय फुटत होते. मिशिगनमधल्या कॅलामझू गावात काही प्रतिष्ठितांनी दावा लावला, की प्राथमिक शाळेसाठी कर ठीक आहे, पण हायस्कूलसाठी आमच्याकडून पैसे कसले मागता? दावा लावणाऱ्यांत एक माजी सिनेटर होते. 1874मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी निकाल दिला, की लोकांना हवं असेल तर हायस्कूलही करातून चालवता येईल. पुढे इतर राज्यांनीही या निकालाचा आधार घेतला. म्हणजे हायस्कूलला कर मागायचा हक्क मिळाला आणि पाच वर्षांच्या आत कॅलिफोर्नियात कर्जाला तीनांत दोन मतांची अट लागली.

हायस्कूल कर्जाशिवाय उभं राहणं कठीण होतं. व्यायामशाळा, प्रेक्षागृह, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, सुतारकामाचा वर्ग हे सगळं एका वर्षाच्या घरपट्टीतून होत नाही. शिवाय पन्नास वर्षं टिकणाऱ्या इमारतीचा भार पहिल्या वर्षीच्या रहिवाशांनी एकट्यांनी का उचलावा? 1910मध्ये अमेरिकेत दहातला जेमतेम एक तरुण हायस्कूल पुरं करत असे. 1940पर्यंत निम्मे करू लागले. गावागावांतल्या दर्शनी खांबांच्या हायस्कुलांपैकी पुष्कळशी त्या तीस वर्षांतली, आणि त्यांच्या पायात रोख्यांचे पैसे आहेत. हे रोखे विकले जाण्यात आणखी एक सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने 1895मध्ये अशा रोख्यांच्या व्याजावर केंद्राने कर लावू नये असं म्हटलं होतं, आणि 1913च्या प्राप्तिकर कायद्याने ते व्याज करमुक्तच ठेवलं. त्यामुळे श्रीमंतांना कमी व्याजातही हे रोखे परवडत. गावाच्या शाळेला स्वस्तात कर्ज मिळे आणि त्यातली तूट केंद्राचा खजिना गपचूप भरे.

‘दुरुस्ती’ हा शब्द या कथेत ठळक झाला तो 10 मार्च 1933 रोजी. संध्याकाळी सहाला सहा मिनिटं कमी असताना कॅलिफोर्नियातलं लाँग बीच हादरलं. शंभरावर माणसं गेली. शाळांच्या विटांच्या भिंती पत्त्यांसारख्या कोसळल्या. सत्तरएक शाळा जमीनदोस्त झाल्या आणि त्याहून जास्त जायबंदी. हेच दुपारी घडतं तर काय झालं असतं, हे प्रत्येक आईबापाला कळलं. बरोबर एका महिन्याने, 10 एप्रिलला, फील्ड कायदा मंजूर झाला. शाळेची इमारत कशी बांधायची, आराखडा कुणी तपासायचा आणि काम चालू असताना कुणी देखरेख करायची, हे राज्याने हातात घेतलं. तेव्हापासून कॅलिफोर्नियात शाळेची दुरुस्ती म्हणजे नुसता रंग आणि पत्रे राहिले नाहीत. ती महाग झाली, आणि महाग झाली म्हणजे कर्जाची झाली.

या काळात मत कोण देत होतं, ही बाब अमेरिकन लोक सहसा सांगत नाहीत. कितीतरी राज्यांत रोख्यांच्या निवडणुकीत मत फक्त मालमत्ताधारकांना होतं. भाडेकरूची मुलं त्याच शाळेत जात आणि घरमालक त्याच्या भाड्यातूनच घरपट्टी भरत असे, पण कौल देताना भाडेकरू उंबऱ्याबाहेर. 1970मध्ये फिनिक्स शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली, तेव्हाही चौदा राज्यांत ती चालू होती.

पुढच्याच वर्षी मात्र त्याच न्यायालयाने दुसऱ्या बाजूला कौल दिला. वेस्ट व्हर्जिनियातल्या रोन काउंटीने 1968मध्ये शाळांच्या इमारतींसाठी 18 लाख 30 हजार डॉलरचे रोखे मतदानाला टाकले होते. होकार आला 51.55 टक्के, अट होती साठची. हरलेले बहुसंख्य न्यायालयात गेले : माझ्या ‘होय’पेक्षा शेजाऱ्याच्या ‘नाही’चं वजन जास्त कसं? सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी 1971मध्ये साठ टक्क्यांची अट वैध ठरवली. त्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे. असं कर्ज तान्ह्या मुलांच्या आणि अजून न जन्मलेल्यांच्या डोक्यावर बसतं, तेव्हा आज साध्या बहुमतापेक्षा जास्त संमती मागण्यात काही वावगं नाही. मुद्दा खरा आहे, फक्त तो अर्धा आहे. न जन्मलेल्यांच्या डोक्यावर गळकं छप्परही बसतं, आणि ते बसवायला साठ टक्के मतं लागत नाहीत.

तोवर हवा बदलली होती. साठच्या दशकाच्या मध्याला देशभरात शाळांच्या रोख्यांच्या चारपैकी तीन निवडणुका मंजूर होत. सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी निम्म्यादेखील होईनात. महागाई, वाढती घरपट्टी, शिवाय ज्यांची मुलं शिकून गेली त्यांची वाढती संख्या. कॅलिफोर्नियात हा राग 6 जून 1978 रोजी प्रपोझिशन 13 या राज्यभर मतदानाला आलेल्या प्रस्तावाच्या रूपाने फुटला. घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर थांबवली आणि मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू नये असं ठरवलं. त्याबरोबर शाळांच्या रोख्यांसाठी जास्तीची घरपट्टी लावायची वाटच बंद झाली. ती आठ वर्षांनी, 1986मध्ये, दोन-तृतीयांशाच्या अटीवर पुन्हा उघडली. गंमत म्हणजे इतरांवर दोन-तृतीयांशाची बंधनं लादणाऱ्या प्रपोझिशन 13ला स्वतःला तेवढी मतं पडलेली नव्हती.

लॉस एंजेलिसचं काय झालं ते पाहिलं की या अटीची किंमत कळते. जवळपास तीस वर्षं तिथे धड नवं हायस्कूल उभं राहिलं नाही. मुलं वाढत गेली, तेव्हा शाळा बारा महिने पाळ्यांमध्ये चालवल्या. नोव्हेंबर 1996मध्ये 240 कोटी डॉलरचं ‘बीबी’ मेझर मतदानाला आलं. पासष्ट टक्क्यांवर लोक ‘होय’ म्हणाले, आणि मेझर पडलं! पाच महिन्यांनी पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा सुमारे 71 टक्क्यांनी तरलं आणि दुरुस्त्या सुरू झाल्या.

अशा अनुभवांतून 2000 सालचं प्रपोझिशन 39 निघालं. शाळांच्या रोख्यांची अट 55 टक्क्यांवर आली. मोबदल्यात मतदारांना बरंच काही द्यावं लागलं. कोणत्या शाळेत काय करणार याची यादी आधी छापायची. दरवर्षी पैशाचा आणि कामाचा वेगवेगळा हिशेब तपासून घ्यायचा. नागरिकांची देखरेख समिती नेमायची. शिक्षकांचे आणि अधिकाऱ्यांचे पगार या पैशातून द्यायचे नाहीत. शेवटच्या अटीपायी अधूनमधून विचित्र दृश्य दिसतं : नवी कोरी विज्ञानशाखेची इमारत आणि त्याच वर्षी शिक्षकांची कपात. पैसा दोन कप्प्यांत आहे आणि मधली भिंत कायद्याची. प्रपोझिशन 39 स्वतः सुमारे 53 टक्क्यांनी मंजूर झालं, म्हणजे आपलीच 55ची परीक्षा ते नापास झालं असतं.

अट सैल झाल्यावर रोख्यांचा पूर आला. एकट्या लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने 2002, 2004, 2005, 2008, 2020 आणि 2024मध्ये मतं मागितली आणि मिळवली. शेवटचं मेझर 900 कोटी डॉलरचं. शेकडो इमारती झाल्या. पण याच डिस्ट्रिक्टने 2013मध्ये रोख्यांच्या पैशातून विद्यार्थ्यांना आयपॅड वाटायला घेतले. तीन-चार वर्षांत निकामी होणारं यंत्र पंचवीस वर्षांच्या उधारीवर! वर्षभरात ती योजना बारगळली. सॅन दिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने 2011मध्ये कहर केला. घरपट्टी वाढवणार नाही असं मतदारांना सांगितलेलं, म्हणून असे रोखे काढले की वीस वर्षं एक पैसा फेडायचा नाही, व्याजावर व्याज चढू द्यायचं. कर्ज साडेदहा कोटी डॉलर, फेड सुमारे 98 कोटी. 2013मध्ये विधिमंडळाने अशा रोख्यांना मुद्दलाच्या चौपट फेडीची आणि पंचवीस वर्षांची मर्यादा घातली. 1846च्या न्यूयॉर्ककरांनी काम, कर आणि कौल एका गाठीत का बांधले होते, ते पोवेवरून लख्ख कळतं. इथे कौल घेतला होता, पण कर वीस वर्षं पुढे ढकलला होता.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठचं फ्रीमाँट हे मराठी घरांना नवं नाही. तिथल्या डिस्ट्रिक्टने 2014मध्ये 65 कोटी डॉलरचे रोखे मंजूर करून घेतले. शाळा पाहून घर घेणारं कुटुंब हा भार आनंदाने उचलतं. पण त्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. प्रपोझिशन 13मुळे घराचं मूल्य खरेदीच्या किमतीला खिळलेलं असतं, आणि रोख्यांची पट्टी लागते त्या मूल्यावर. 1980मध्ये घर घेतलेला शेजारी चिमूटभर भरतो, परवा घेतलेला मूठभर. तो परवाचा खरेदीदार जर एच-वन-बी व्हिसावर असेल तर त्याला मतही नाही. एके काळी घर नसलेल्याला मत नव्हतं. आता घर आहे, पट्टी सगळ्यांत जास्त आहे, आणि मत नाही.

राज्याराज्यांत या कुळाच्या वेगवेगळ्या शाखा झाल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक ठिकाणी साधं बहुमत पुरतं. वॉशिंग्टन राज्यात साठ टक्के लागतात, शिवाय पुरेसे लोक मतदानाला यावे लागतात. हवाईत आख्ख्या राज्याचं एकच डिस्ट्रिक्ट, त्यामुळे गावाला विचारायचा प्रश्नच नाही. टेक्ससने 2019मध्ये नवी भर घातली. शाळेच्या रोख्यांच्या प्रत्येक प्रश्नाबरोबर मतपत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ असं छापायचं, कराचा दर तसूभर वाढणार नसला तरीही.

आयडाहोने मात्र 1890च्या घटनेतले दोन-तृतीयांश सोडलेले नाहीत. डोंगरातल्या सॅमन या छोट्या गावाने वीसएक वर्षांत डझनभर वेळा रोखे मतदानाला टाकले आणि तेवढ्या वेळा ते पडले. इमारतींची दशा वर्तमानपत्रांत गाजली, तेव्हा 2024मध्ये विधिमंडळाने शाळांच्या इमारतींसाठी राज्याच्या तिजोरीतून दहा वर्षांत दीडशे कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी मे महिन्यात सॅमनच्या मतदारांनी अखेर दोन कोटी डॉलरच्या नव्या शाळेला होकार दिला. दोन-तृतीयांशाचं कलम होतं तिथेच आहे. ते बदलायचं तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात.